दाढदुखी अंगावर का काढली जाते? ब्रिटनच्या सरकारी दंतसेवेचे प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, सेंट पॉल्स भागात, बंद पडलेला एक दातांचा दवाखाना पुन्हा उघडला आणि सरकारी दराने नवे रुग्ण घ्यायला लागला. शेकडो लोक रांगेत उभे राहिले, गर्दी आवरायला पोलीस आले. त्याच्या वीस वर्षं आधी, फेब्रुवारी २००४ मध्ये, स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात नवा सरकारी दंतवैद्य आला तेव्हाही अशीच रांग लागली होती. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांना फोटो मिळाला आणि दोन्ही वेळी निष्कर्ष एकच निघाला: लोकांना दंतवैद्य हवाय, पण मिळत नाही.

निष्कर्ष खोटा नाही, पण अर्धाच आहे. कारण याच देशात दातांची तपासणी चाळीस वर्षं फुकट होती आणि त्या काळातही असंख्य माणसं दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढली नाहीत. लोक दंतवैद्याकडे कशामुळे जातात आणि कशामुळे जात नाहीत हे समजून घ्यायला ब्रिटनइतकं उपयोगी प्रकरण क्वचितच मिळेल. तिथे फी शून्य झाली, मग लागली, मग वाढत गेली. दंतवैद्याला पैसे देण्याची पद्धत दोनदा मुळापासून बदलली. रुग्णाची नोंदणी आली आणि गेली. स्कॉटलंडने मधेच वेगळी वाट धरली. शिवाय १९६८ पासून साधारण दर दहा वर्षांनी प्रौढ माणसांच्या तोंडात किती दात उरलेत हे पद्धतशीर मोजलं गेलं. एरवी जे घटक एकमेकांत गुंतलेले असतात ते इथे काळानुसार थोडेफार सुटे झालेले दिसतात.

आरोग्यसेवेच्या वापराबद्दल बोलताना अभ्यासक हमखास अमेरिकन संशोधक रोनाल्ड अँडरसन यांचं १९६८ चं प्रारूप काढतात. माणसाची आधीची घडण, त्याच्या हाताशी असलेली साधनं आणि त्याला भासणारी गरज, या तिन्हींवर वापर ठरतो असं ते सांगतं. चौकट चांगली आहे, पण तिच्यात दंतवैद्य स्वतः जवळजवळ नसतोच. रुग्ण ठरवतो आणि सेवा त्याची वाट बघत असते, असं गृहीत धरलेलं असतं. ब्रिटनची कहाणी नेमकी या गृहीतकाला धक्का देते.

१९४८: गर्दी कशासाठी होती?

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. दंतोपचार पूर्ण मोफत होते. दंतवैद्य मात्र सरकारचे पगारी नोकर झाले नाहीत. दवाखाना त्यांचा, काम त्यांचं. प्रत्येक भरलेल्या दातामागे, काढलेल्या दातामागे, बसवलेल्या कवळीमागे सरकार ठरलेला दर देणार. लोक अक्षरशः लोटले. खर्च अंदाजाच्या इतका पुढे गेला की १९४९ मध्येच दंतवैद्यांच्या दरांना कात्री लावावी लागली.

वापर वाढला एवढंच बघायचं तर १९४८ हे घवघवीत यश. पण लोक खुर्चीत बसून मागत काय होते? फार मोठ्या संख्येने ते कवळी मागत होते. वर्षानुवर्षं सडलेले, तुटलेले, हिरडीतून हललेले दात एकदाचे काढून टाकायचे आणि कवळी बसवून मोकळं व्हायचं. त्या पिढीच्या कामकरी कुटुंबांत दात ही टिकवायची वस्तू नव्हतीच. दात जाणारच, प्रश्न फक्त कधी आणि किती त्रास देऊन, अशी समजूत होती. एकविसाव्या वाढदिवसाला किंवा लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी करून देणं ही भेट समजली जायची, अशा आठवणी उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून आजही सांगितल्या जातात. पुढे नवऱ्याच्या खिशाला चाट नको, हा त्यामागचा हिशेब. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण ज्या घरात दातांवर आयुष्यभर पैसे घालण्याची ऐपत नाही तिथे तो हिशेब वेडगळ नव्हता. वैद्यकशास्त्रानेही त्याला हातभार लावला होता. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९०० च्या सुमारास तोंडातला पू हे शरीरातल्या अनेक आजारांचं मूळ आहे असं मांडलं, आणि पुढची काही दशकं सांधेदुखीपासून पोटदुखीपर्यंत कशावरही दात काढण्याचा सल्ला दिला गेला.

फी शून्य झाल्यावर लोकांनी तेच मागितलं जे त्यांना आधीपासून हवं होतं. त्यांच्या मनातलं दातांचं भवितव्य फी काढून टाकल्याने बदललं नाही.

आणखी एक गोष्ट झाली, जी सहसा सांगितली जात नाही. नव्या सेवेत मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना प्राधान्य द्यायचं ठरलं होतं. पण शाळांमधले दंतवैद्य पगारी होते, आणि बाहेर कामागणिक पैसे मिळत असल्यामुळे कमाई कितीतरी जास्त होती. शाळांमधले दंतवैद्य बाहेर पडू लागले आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत शालेय दंतसेवाच रोडावली. प्रौढांच्या कवळ्यांसाठी उघडलेल्या दाराने मुलांच्या तपासणीचं दार अर्धं लावलं. मुलांच्या आयांना कुणी विचारलं असतं तर ‘आम्ही नेत नाही’ असं त्यांनी म्हटलं नसतं. न्यायचं कुठे, हाच प्रश्न होता.

फी लागली, तेव्हा

एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्यावर साधारण निम्म्या खर्चाइतकी फी सुचवली. कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला होता. बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला, त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन यांनीही. सरकारं अनेक कारणांनी हादरतात, पण कवळीच्या फीवरून मंत्री जाण्याची उदाहरणं फार नसावीत. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आलेल्या हुजूर पक्षाच्या सरकारने दंतोपचारावर एक पौंडापर्यंत फी लावली. मुलं-तरुण आणि गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना त्यातून वगळलं. तपासणी मात्र फुकट राहिली, ती थेट १९८९ पर्यंत.

फी लावताना केलेली ही निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे. तोंड दाखवायला पैसे नाहीत, तोंडात काही करायचं झालं तर पैसे. कागदावर हे शहाणपणाचं आहे, कारण प्रतिबंधाला अडसर नको. पण रुग्णाच्या बाजूने बघा. ज्याला ठाऊक आहे की आपल्या चार-पाच दाढा किडल्यात, त्याला तपासणी ही पुढच्या बिलाची नांदी वाटते. ज्याचे दात ठीक आहेत त्याला तीच तपासणी खरोखर फुकट पडते. म्हणजे एकच सवलत दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

१९६८ साली पहिलं मोठं सर्वेक्षण झालं. सरकारी दंतसेवा वीस वर्षांची झाली होती आणि इंग्लंड-वेल्समधल्या प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. त्यानंतरचे आकडे उतरत गेले: १९७८ मध्ये ३०, १९८८ मध्ये २१, १९९८ मध्ये १३ आणि २००९ मध्ये ६ टक्के. (सर्वेक्षणांत सगळे प्रांत दरवेळी सारखे नव्हते, पण उताराची दिशा स्पष्ट आहे.)

हे सेवेचं यश म्हणून मिरवण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, दात नसणं ही गोष्ट उलटत नाही. १९५० साली विशीत सगळे दात काढलेली बाई १९८८ च्या सर्वेक्षणातही तशीच मोजली जाते. त्यामुळे या आकड्यांत त्या वर्षाच्या सेवेपेक्षा चाळीस वर्षांपूर्वीची समजूत जास्त बोलते. दोन, १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचली. किडणं कमी झालं ते मोठ्या अंशी न्हाणीघरात, दवाखान्यात नव्हे. आणि दात टिकायला लागल्यावर दात टिकतात यावर विश्वास बसायला लागला. क्रम असा उलटा आहे. लोक दंतवैद्याकडे जायला लागले म्हणून दात वाचले, यापेक्षा दात वाचू शकतात हे दिसलं म्हणून लोक वाचवायला जाऊ लागले, असं मला जास्त वाटतं.

दुखेल तेव्हा बघू

२००९ च्या सर्वेक्षणात स्वतःचे दात असलेल्या लोकांना विचारलं गेलं की तुम्ही एरवी दंतवैद्याकडे कशासाठी जाता. ६१ टक्के म्हणाले नियमित तपासणीसाठी. २७ टक्के म्हणाले काही त्रास झाला तरच. बाकीचे अधूनमधून जाणारे, आणि अगदी थोडे कधीच न जाणारे.

या २७ टक्क्यांना निष्काळजी म्हणणं सोपं आहे. पण दुखणं अंगावर काढायला दात जितके वाव देतात तितका फार थोडे अवयव देतात. कीड लागते तेव्हा काहीच जाणवत नाही. ती वरचं कठीण आवरण पार करून आतल्या थरात गेली की गार-गोड झोंबतं, पण तेही क्षणभर. मग आतल्या मगजाला सूज येते आणि रात्री आडवं झाल्यावर ठणका सुरू होतो. या टप्प्यावर माणूस नक्की ठरवतो: उद्या जायचंच. आणि मग, कधी दोन दिवसांनी तर कधी दोन आठवड्यांनी, ठणका आपोआप थांबतो. थांबतो कारण आतली नस मेलेली असते. माणसाच्या दृष्टीने दुखणं गेलं. वेळ घेतली असेल तर तो रद्द करतो. मुळाशी पू होऊन गाल सुजेपर्यंत मधे महिने जातात, कधी वर्षंही. मग दात वाचवण्याचा प्रश्नच उरत नाही, काढावाच लागतो, आणि ‘दंतवैद्याकडे गेलं की दात काढतात’ ही त्याची जुनी धारणा आणखी पक्की होते. गरज भासली की माणूस सेवा घेतो, हे सूत्र दातांच्या बाबतीत इथेच घसरतं. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा ती भासतच नाही.

भीतीचा भाग वेगळा. २००९ च्याच सर्वेक्षणात १२ टक्के प्रौढ तीव्र भीतीच्या गटात मोडले. भीती म्हटलं की सुई आणि ड्रिलचा आवाज डोळ्यासमोर येतो, आणि ते खरंही आहे. पण स्वीडनमधले संशोधक उल्फ बेर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये मांडलेलं चक्र मला अधिक पटतं. भीतीने माणूस टाळतो, टाळल्याने दात बिघडतात, बिघडलेले दात दाखवायची लाज वाटते, लाजेने तो अजून टाळतो. दहा वर्षांनी त्याला सुईपेक्षा जास्त धास्ती एका वाक्याची असते: “इतके दिवस काय करत होता?” हे वाक्य उच्चारायचीही गरज नाही, भुवई उंचावली तरी पुरे. दवाखान्यातल्या कुणाच्याही वागण्याने हे चक्र एका भेटीत घट्ट होऊ शकतं किंवा सैल पडू शकतं, आणि कुठल्याही दरपत्रकात त्याची नोंद नसते.

जाता जाता, दर सहा महिन्यांनी तपासणी हा जो नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे त्याला भक्कम पुरावा आहे का, असा प्रश्न दंत-आरोग्याचे अभ्यासक ऑब्री शाइहॅम यांनी १९७७ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विचारला होता. २००४ मध्ये उपचारांबाबत सरकारी सेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत, ज्याच्या त्याच्या जोखमीप्रमाणे, असं अंतर ठरवून दिलं. निरोगी दातांच्या माणसाने दर सहा महिन्यांनी येणं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी वेळ अडवणं, हे त्यातून निघतं. ते अमलात मात्र फार कमी आलं, कारण निरोगी माणसाची तपासणी हे दवाखान्यातलं सर्वांत सोपं काम आहे, आणि पुढचा भाग वाचला की दिसेल ते सर्वांत परवडणारंही आहे.

२००६ चा करार

१९९० मध्ये नवा करार आला. त्यात रुग्णाची दवाखान्यात नोंदणी आणि त्याला सांभाळण्याबद्दल दंतवैद्याला ठरावीक रक्कम मिळायची. खर्च वाढला आणि १९९२ मध्ये सरकारने दर ७ टक्क्यांनी कापले. दंतवैद्य चिडले आणि खासगी व्यवसायाकडे वळण्याचा ओघ तिथून वाढला. १९९९ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन वर्षांत प्रत्येकाला सरकारी दंतवैद्य मिळेल असं आश्वासन दिलं. स्कारबरोची रांग त्यानंतर पाच वर्षांनी लागली.

मग एप्रिल २००६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये आला तो करार, ज्याच्याभोवती आजची सगळी चर्चा फिरते. त्यात दंतवैद्याचं काम ‘युनिट’मध्ये मोजायचं ठरलं. तपासणी म्हणजे १ युनिट. फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणं यांपैकी काहीही, कितीही केलं तरी ३ युनिट. कॅप, कवळी, ब्रिज अशी प्रयोगशाळेतली कामं असतील तर १२. रुग्णाची फीसुद्धा तीनच पायऱ्यांत बसवली. सुरुवातीला इंग्लंडमध्ये १५.५०, ४२.४० आणि १८९ पौंड. २०२५ मध्ये हेच दर २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड झाले.

आता दोन रुग्ण घ्या. पहिली बाई दर वर्षी येते, यंदा एक छोटी कीड सापडली, अर्ध्या तासात फिलिंग झालं. ३ युनिट. दुसरा माणूस दहा वर्षांनी आलाय. सहा फिलिंग, एका मागच्या दाढेचं रूट कॅनॉल, एक दात काढायचा. चार-पाच बैठका, काही तासांचं काम, शिवाय साहित्य. तरीही ३ युनिट. एका युनिटचे समजा २५ पौंड धरले तर दोघांचे ७५ पौंडच. रुग्णांच्या बाजूने बघितलं तर हा करार दुसऱ्या माणसासाठी वरदान आहे, कारण एका फिलिंगच्या फीमध्ये त्याचं सगळं तोंड नीट होतंय. दंतवैद्याच्या बाजूने तोच माणूस सरळसरळ तोट्याचा. ज्याला सेवेची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठी ती सर्वांत स्वस्त आणि त्याला ती द्यायला कुणी सर्वांत कमी राजी, अशी ही गाठ पडली. फीचा अडसर मोजणाऱ्या कुठल्याही पाहणीत ही गाठ दिसणार नाही.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, संसदेच्या आरोग्य समितीने आढावा घेतला तेव्हा प्रयोगशाळेची गरज असलेले गुंतागुंतीचे उपचार पहिल्या वर्षातच निम्म्यावर आल्याचं आणि रूट कॅनॉल जवळपास तितकेच घटल्याचं नोंदवलं. लोकांच्या दाढा एका वर्षात सुधारल्या नव्हत्या. दुरुस्ती यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं: तीन किंवा अधिक दातांचं काम असेल तर ५ युनिट, मागच्या दाढेच्या रूट कॅनॉलला ७.

याच करारात आणखी एक गोष्ट गुपचूप झाली, आणि माझ्या मते ती युनिटच्या हिशेबापेक्षाही जास्त महत्त्वाची आहे. नोंदणी रद्द झाली. उपचारांचा एक संच संपला की दवाखान्याची त्या रुग्णाबद्दलची बांधिलकी संपते. लोकांना मात्र अजूनही वाटतं की ‘आपलं नाव अमुक दवाखान्यात आहे’. प्रत्यक्षात दवाखाने आपल्या नेहमीच्या रुग्णांना सांभाळतात आणि दोन-तीन वर्षं न फिरकलेल्याचं नाव यादीतून गळतं. तो माणूस ठणक्याने हैराण होऊन फोन करतो तेव्हा त्याला कळतं की तो आता ‘नवा रुग्ण’ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने ब्रिटनभरच्या दवाखान्यांना फोन करून पाहणी केली तेव्हा दहापैकी नऊ दवाखाने सरकारी दराने नवे प्रौढ रुग्ण घेत नव्हते. म्हणजे दार सगळ्यांना बंद नव्हतं. नियमित येणाऱ्या ६१ टक्क्यांतल्या बहुतेकांना ते बंद असल्याचं कळलंही नसेल. ते बंद होतं त्या २७ टक्क्यांना. सवयीचा फरक होता, तो व्यवस्थेने हक्काचा फरक करून टाकला. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये म्हटलं होतं की चांगल्या आरोग्यसेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. या करारात ते जणू कलम म्हणून लिहिलं गेलं.

बाहेर राहिलेल्यांचं काय होतं? मार्च २०२३ मधल्या यूगव्ह संस्थेच्या पाहणीत १० टक्के लोकांनी आपण दातांवर स्वतःच इलाज केल्याचं सांगितलं. अशा इलाजांत दुकानातलं तात्पुरतं सिमेंट भरण्यापासून पक्कडीने दात ओढण्यापर्यंत सगळं येतं. त्याच काळात सरकारने दंतसेवेसाठी ठेवलेले पैसे पुरे खर्चही होत नव्हते. २०२२-२३ मध्ये सुमारे ४० कोटी पौंड दवाखान्यांकडून परत घेतले गेले, कारण कराराइतकी युनिट भरायला दंतवैद्यच मिळत नव्हते. फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी योजनेत नव्या रुग्णामागे दवाखान्याला कामाप्रमाणे १५ किंवा ५० पौंड जादा द्यायचं ठरलं. संसदेच्या लोकलेखा समितीने २०२५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्या काळात नवे रुग्ण वाढण्याऐवजी ३ टक्क्यांनी घटले होते. यात नवल काही नाही. दहा वर्षांची साचलेली कामं घेऊन येणाऱ्या माणसाचा तोटा एकदाच मिळणाऱ्या ५० पौंडांनी भरत नाही.

फी माफ असलेल्या गरीब रुग्णांचीही एक वेगळी अडचण आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्यांना उपचार मोफत मिळतात, पण कुठली मदत चालते आणि कुठली नाही हे नावांवरून चटकन कळत नाही. चुकीच्या खान्यात खूण केली तर मूळ फी आणि वर १०० पौंडांपर्यंत दंड. नोटीस घरी येते ती काही महिन्यांनी. माफी असूनही पुढच्या वेळी जायचं टाळलं जातं ते अशा कागदामुळे.

फी शून्य, तरीही

किंमत हेच मुख्य कारण असतं तर इंग्लंडमधल्या मुलांची दंतसेवा आदर्श असायला हवी होती. अठरा वर्षांखालच्यांना सगळं मोफत आहे. तरी पाच ते नऊ वयोगटातली मुलं रुग्णालयात दाखल होण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात काढणं हे आहे, पूर्ण भूल देऊन. आणि सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये हे प्रमाण सर्वांत सधन वस्त्यांच्या तिपटीहून अधिक आहे. आईला कामावरून सुटी मिळते का, दवाखाना किती बस बदलून येतो, तिला स्वतःला लहानपणी तिथे काय सोसावं लागलं, आणि दुधाचे दात पडणारच आहेत असं घरात मानतात का, हे सगळं फीच्या आधी येतं.

स्कॉटलंडचा अनुभव इथे दोन्ही बाजूंनी बोलका आहे. तिथे एप्रिल २००६ पासून तपासणी पुन्हा सर्वांना फुकट झाली. २०१० पासून एकदा नोंदणी केली की ती कायमची. कागदावर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक नोंदलेले झाले, आकडा दृष्ट लागण्यासारखा. पण मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष दवाखान्यात आलेले मोजले तर २०२२ च्या सुमारास ते निम्म्याच्या आसपास भरले. कोविडमुळे दवाखाने बंद राहिले हे त्याचं मोठं कारण, तरी नोंदणी आणि उपस्थिती यांतली दरी त्याआधीही होती, आणि ती गरीब वस्त्यांत जास्त रुंद होती. नाव वहीत असणं आणि माणूस खुर्चीत असणं यांत एक काम उरतंच, आणि ते कुणीतरी करावं लागतं.

मुलांच्या बाबतीत स्कॉटलंडने ते काम एका माणसाला नेमून दिलं. ‘चाइल्डस्माइल’ नावाच्या कार्यक्रमात बालवाड्यांमध्ये शिक्षिकांच्या देखत रोज दात घासून घेतले जातात, आणि बाळंतिणीच्या घरी जाणारी आरोग्यसेविका ज्या कुटुंबाला मदतीची गरज वाटते त्याचं नाव दंत-आरोग्य सहायिकेला कळवते. सहायिका घरी जाते, बाळाचे दात कसे घासायचे ते दाखवते, जवळच्या दवाखान्याशी गाठ घालून देते आणि भेट चुकली तर पुन्हा चौकशी करते. ती दंतवैद्य नसते. तिच्याकडे ड्रिल नसतं, आणि घरातल्यांच्या दातांबद्दल भुवई उंचावण्याचं कारणही नसतं. पहिलीच्या वर्गातल्या कीड नसलेल्या मुलांचं प्रमाण स्कॉटलंडमध्ये २००३ साली ४५ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ७३ टक्के झालं. यात बालवाडीतल्या ब्रशचा वाटा मोठा आहे, दवाखान्याच्या भेटींचा किती हे सुटं काढणं अवघड. पण गरिबातल्या गरीब वस्त्यांतली मुलंही सुधारली, आणि नुसत्या फीमाफीने इंग्लंडमध्ये हे झालेलं नाही.

२००९ च्या सर्वेक्षणातला एक आकडा सरकारी दंतसेवेच्या समर्थनार्थ पुष्कळदा दिला जायचा. मागच्या तीन वर्षांत सरकारी दंतवैद्याची वेळ मिळवण्याचा प्रयत्न केलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांना ती मिळाली होती. पण प्रयत्न केला होता एकूण प्रौढांपैकी ५८ टक्क्यांनीच. उरलेल्यांत खासगीत जाणारे होते, दात ठीक आहेत म्हणून न गेलेले होते आणि प्रयत्न करून उपयोग नाही असं मनाशी पक्कं केलेलेही होते. सेवेची कामगिरी मोजणारे आकडे फोन उचलल्यानंतर सुरू होतात. चाळिशीतला, दहा वर्षं खुर्चीत न बसलेला, नस मेल्यामुळे सध्या काही दुखत नसलेला माणूस फोन उचलणार नाही. नोंदणी गेल्यापासून इंग्लंडमधल्या कुठल्याही दवाखान्यावर त्याला पत्र पाठवण्याची जबाबदारी नाही, आणि त्याच्या घरी जाणारी सहायिका स्कॉटलंडमध्येही नाही. ती त्याच्या लहान मुलाकडे जाते.